शिशाचा एप्रन

देवास, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५७

आजही तो एप्रन त्यांच्याच अंगावर! मी इथे एक्स-रे शिकायला आले, पण इनचार्ज साठेसाहेब मला मशीनच्या बटणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "हे किरण मुलींना वाईट. उद्या लग्न व्हायचंय तुझं." पण लहान मूल आलं की त्याला मशीनपुढे धरायला मीच. तेव्हा किरण वाईट नसतात का?

आज खातेगावची एक बाई खोकणाऱ्या मुलाला घेऊन आली. ती पोटुशी, म्हणून तिला दाराशीच थांबवलं. मी साहेबांना म्हटलं, "मग शिशाचा एप्रन तरी मला द्या." एकच आहे, म्हणाले. बाईनं ते ऐकलं. सरळ साहेबांनाच म्हणाली, "भिया, आप ही पकड़ लो ना, आपने तो पहना है."

साहेबांचा चेहरा उतरला. पण धरलं त्यांनी, आणि बटण पहिल्यांदाच मी दाबलं. केवढा आनंद झाला! नेमकं तेव्हाच पोर किंचाळून हललं, प्लेट पुसट आली. डॉक्टरांना साहेब म्हणाले, "बटण हिनं दाबलं होतं." खोटं कुठे होतं?

दुसऱ्या वेळी मुलाला मीच धरलं, नुसत्या साडीवर. ते शांत राहिलं. प्लेट स्वच्छ आली, आणि डॉक्टरांनी शाबासकी साहेबांना दिली.

जाताना ती बाई माझ्याजवळ थांबली. "बेन, तुम्हारे बच्चे हैं?"

नाही म्हटलं. तिनं साहेबांच्या अंगावरच्या एप्रनकडे पाहिलं, मग माझ्या साडीकडे, आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवून निघाली.