पेटीभर चष्मे

प्रिय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की मी खुशाल आहे. फक्त अडकले आहे. पुराने पूल नेला, पलीकडच्या छावणीवर जायला बोट हाच रस्ता, आणि नदीवर धुकं असं बसलंय की बोटवाले हलायला तयार नाहीत. सकाळी सुटेल म्हणाले, मग दुपारी, आता पलीकडून एक बोट कशीबशी आली, तरी परत निघायला पुन्हा 'धुकं उठू द्या' म्हणतात. फोन लागत नाही. आमच्या मदतपथकाची गाडी धक्क्यावर उभी आहे आणि मी उतारूंच्या खोलीत मांडीवर कागद घेऊन बसले आहे. तू मागितलेली वस्तू निघताना आठवणीने पर्समध्ये घेतली होती. तिच्याबद्दल सांगणारच आहे, तेवढं कागद उलटून आधी शेवट वाचू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

पुरात माणसांचे चष्मेही वाहून जातात, हे माझ्यासारख्या चष्म्याचं दुकान चालवणारीच्याही आधी डोक्यात आलं नव्हतं. मग लोकांकडून जुने चष्मे मागून आणले, एकेकाचा नंबर काढला, काडीवर चिकटपट्टी लावून लिहिला. पथकातल्या एका उत्साही बाईंनी निघण्याआधी ते सगळे साबणाच्या पाण्यात घालून लख्ख केले आणि पट्ट्या कचरा समजून खरवडून काढल्या. वर रंगांप्रमाणे लावून ठेवले, काळे इकडे, तपकिरी तिकडे. तेव्हापासून आम्ही त्यांना झिलईबाई म्हणतो. पेटी उघडल्यावर हसावं की रडावं मला कळेना, पण त्यांचा चेहरा इतका पडला की रागवायचं राहूनच गेलं.

अडकलोच आहोत तर नंबर पुन्हा काढू, म्हणून खिडकीशी बसले. दुकानात यंत्र आहे, इथे खिडकीचा गज. गजासमोर काच धरून हळूच हलवायची. गज काचेबरोबर सरकला तर लांबचं न दिसणाऱ्याचा चष्मा, उलटा सरकला तर जवळचं न दिसणाऱ्याचा. मग तपासणीच्या सुट्या काचा वर ठेवून बघायच्या, गज जागच्या जागी थांबेपर्यंत. झिलईबाई निमूटपणे पट्ट्या लिहीत होत्या. ड्रायव्हरकाका एकेक चष्मा लावून, यात मी हेडमास्तर दिसतो का, म्हणून सगळ्यांना विचारत होते. बाहेर नदी नाही, आकाश नाही, नुसतं पांढरं, आणि त्यावर एक काळा गज तरंगतोय. बघता बघता मला वाटायला लागलं की आपण कुठून निघालोच नाही आणि कुठे पोचायचंही नाही. आई दुपारची अशीच खिडकीत बसायची, चष्म्याची काडी चावत. मग तोच कपाळावर चढवून घरभर शोधायची. 'काखेत कळसा' म्हणायचीस तू, बोलणी मात्र मी खायची.

तिथे एक बाई कोपऱ्यातल्या बाकावरून सारखी उठून दाराशी जात होती आणि डोळे बारीक करून धुक्यात बघत होती. दोनदा माझ्या पायाला अडखळली. तिसऱ्यांदा मी तिला धरून शेजारी बसवलं. घर बुडालं तेव्हा तिला एका नावेत घातलं आणि तिच्या थोरल्या बहिणीला दुसऱ्या. बहीण पलीकडच्या छावणीत असल्याचं कळलं, ती आजच्या बोटीने येणार असा निरोप होता. चष्मा नदीत गेलेला. मी तिला समजावलं की बोट लागली की जोरात हाक मारा, सापडेल. ती म्हणाली, "हाक मारून उपयोग नाही हो. तिला ऐकू येत नाही. मलाच दिसायला हवं."

मी तिचे डोळे तपासले. एका डोळ्याला फार जाड काच लागत होती, दुसऱ्याला तिच्या निम्मीच. पेटीत शोधून शोधून थकले, तसं काहीच नव्हतं. दुकानात असते तर करून दिला असता, पण बोट तर आजच येणार होती. आणि असा जोड माझ्या हातून एकदाच झाला आहे, ताई. तो कुणासाठी, हे तुला सांगायला नको. बराच वेळ मी पर्सची चेन धरून बसले. दिला नाही तर चालेल, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू.

धुकं घटकाभर विरळलं आणि पलीकडून येणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला तसं सगळे बाहेर धावले. धुक्यातून माणसं एकेक करून फळीवरून उतरत होती, सगळी सारखीच करडी. ती बाई डोळ्यांवरच्या चष्म्याच्या काडीवर बोट ठेवून उभी होती, आईच्या दातांच्या खुणांवर. मग एकदम हसली. "शाल अजून उलटीच पांघरते," म्हणाली, आणि दोन्ही हात उंच करून उभी राहिली. फळीवरची एक म्हातारी थांबली. तिनेही हात वर केले. दोघी खूप वेळ हातांनीच बोलत होत्या, आणि मी रडत होते.

आईच्या सगळ्या सामानातून तू फक्त चष्मा मागितलास. मी केलेला म्हणून मी अडून बसले, आणि तेव्हापासून आपलं बोलणं तुटलं. या खेपेला छावणीवरून थेट तुझ्याकडे येऊन तुझ्या हातात ठेवणार होते. आता रिकाम्या हाताने येईन. तू चिडशील, तुझा हक्कच आहे. पण छावणीचं काम संपलं की परतीची बस तुमच्या चौकात थांबते, आणि मी लहानपणापासून तुझ्यामागे फिरलेली आहे, आपण होऊन पुढे यायचं मला अजून जमत नाही. तू चौकात ये. लांबून दिसले तर मला हाक मार. मला ऐकू येतं.

तुझीच,
शेपूट