अंबाडा वाजतोच

४ जून २००७, सोमवार
कोइमतूरहून परत. पाय सुजलेत. मधल्या सीटवरच्या काकांनी तीनदा कॉफी मागितली आणि तिन्ही वेळा गार झाली म्हणून परत केली.

सकाळी टोप बसवताना अम्मांनी दोन पिना जास्तच खुपसल्या. "हालून गेलं तर कां करशील?" पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्यांची मराठी ही अशी. सासूनं सुनेला रोज खोटे केस लावून द्यायचे, हे आमच्याच घरात. चाई पडायला लागून दोन वर्षं झाली. आधी कानामागे रुपयाएवढी, मग सगळीकडे. आता जे चार चुकार केस येतात ते अम्माच काढून टाकतात. कंपनीत कुणाला माहीत नाही. कळलं तर उडणं बंद. मागच्या वर्षी शर्मिलाला नुसत्या वजनावरून काउंटरवर बसवलं, मग टकलीला कोण विमानात ठेवणार? सतरा वर्षं हेच काम केलं. मला ते आवडतं. दुसरं काही येतही नाही.

विमानतळावर तपासणीच्या गेटवर रंजना होती. बुलढाण्याची पोर. वर्दीत एकदम ताठ, पण मी दिसले की मराठीत सुटते. डिटेक्टर अंबाड्यापाशी आला की कुई. "पिना आहेत गं," मी नेहमीसारखं म्हटलं.
"माहीत आहे ना मॅडम. तुमच्या सगळ्यायचाच अंबाडा वाजते. कोणाकोणाचा उघडू?"
माझ्या मागे मदुरेची एक आजी. तिच्या डोक्यावरही वाजलं. तिला मात्र गजरा काढायला लावला, आकडे काढायला लावले. केस मोकळे सोडून उभी, माझ्याकडे बघत. मी बॅग उचलून पुढे गेले.

९ जून, शनिवार
आज कॅप्टन मेननसाहेबांनी गेटवर महाभारत केलं. नेलकटर काढून घेतला म्हणून. "माझ्या सीटमागे कुऱ्हाड टांगलेली असते, कुऱ्हाड! विमान पाडायचंच असेल तर मला नेलकटर लागेल काय?" सगळे हसलो. मीही. मुद्दा बिनतोड वाटला.

नीला (एन्नोरची, चार महिन्यांपूर्वी लागलेली, अजून घोषणा करताना घशाला कोरड पडते) मला हळूच म्हणाली, "पण अक्का, सर खरंच कॅप्टन आहेत हे गेटवाल्यांना कसं कळणार?"
म्हटलं, कार्ड असतं, चेहरा ओळखीचा असतो. फार डोकं चालवू नकोस.
मलाच डोकं चालवायचं नव्हतं, हे खरं.

१४ जून, गुरुवार
वाईट झालं.

रंजनाच्या सुरक्षा फोर्सची वरून परीक्षा असते अधूनमधून. आपलाच माणूस प्रवासी बनवून पाठवायचा, सामानात काहीतरी लपवायचं, पकडतात का बघायचं. या वेळी प्रवासी नाही पाठवला. आमच्या कंपनीचा गणवेश घातलेली बाई पाठवली. खोटं कार्ड, हातात आमच्यासारखीच चाकाची बॅग, आणि अंबाड्यात कटरचं पातं.
डिटेक्टर वाजला. बाई म्हणाली, "पिनें हैं." रंजनानं जाऊ दिलं.

माझंच वाक्य. हिंदीत.

संध्याकाळपर्यंत रंजनाला गेटवरून काढून पार्किंगमध्ये उभं केलं. चौकशी लागणार. जेवण गेलं नाही. रघूनं विचारलं काय झालं. सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, "तू कुठे पातं लपवलं होतंस?" माझ्या नवऱ्याला धीर द्यायचा असला की तो असा देतो.

१५ जून, शुक्रवार
ऑर्डर आली. एक जुलैपासून विमानातल्या लोकांची तपासणी प्रवाशांसारखीच. बूट, पट्टा, सगळं. वाजलं तर अंबाडा उघडायचा. खोटा अंबाडा, टोप, गंगावन काढून ट्रेमध्ये, ट्रे मशीनमधून.

टोप हा शब्द तीनदा वाचला. आमच्यात गंगावन लावणाऱ्या पाचसहाजणी आहेत, त्यांना काय, लाजून हसतील. आणि पडदा आहे म्हणतात, पण मशीन पडद्याबाहेर. ट्रे सगळ्यांसमोरून जाणार.

क्रू रूममध्ये गदारोळ. बायकांची अब्रू, वेळ, विश्वास, सगळे शब्द येऊन गेले. कॅप्टन मेनन म्हणाले विरोधाचा अर्ज करू या, सगळ्यांनी सह्या करा. "आणि पहिली सही वसुधाची. सगळ्यांत जुनी तीच." टाळ्या.
सही केली तर कदाचित ऑर्डर मागे जाईल. मी वाचेन. पेन हातात दिलं होतं. उद्या करते म्हटलं.

१९ जून, मंगळवार
अजून नाही केली. रोज काहीतरी कारण.

उतरल्यावर मुद्दाम पार्किंगकडून गेले. रंजना उन्हात उभी, चेहरा काळवंडलेला. टॅक्सीवाल्यांना शिट्टी मारते. मला बघून हसली, मग हसू गेलं.
"मले विचारतात, वाजल्यावर काहून नाही उघडला. मी सांगतलं, साहेब, कोणीच उघडत नाही, क्रूवाल्याच नको म्हणतात. ते म्हणतात, कोण नको म्हणे, नाव सांग."
"मग?"
"नाव कसं सांगू मॅडम? तुमी बोलले तर गोष्ट येगळी. मी सांगतलं तर चुगली होते."
तिला नोकरीत दोन वर्षं पण झाली नाहीत. गावाकडे तिच्या वर्दीतल्या फोटोला हार घालायचा तेवढा बाकी ठेवलाय, असं तीच एकदा सांगत होती. मी पाण्याची बाटली दिली. दुसरं काही सुचलं नाही. एवढी वर्षं लोकांना पाणीच देत आले.

२३ जून, शनिवार
क्रू रूममध्ये बोलून बसले. बोलायचं नव्हतं.

मेनन परत कुऱ्हाडीवर आले. मी म्हटलं, "सर, तुम्हाला नेलकटर लागत नाही, कबूल. पण तुमचे कपडे घालून दुसरा कुणी आला तर त्याला लागेल. तुमच्यापर्यंत पोचायलाच लागेल." मग म्हटलं, त्या दिवशीची बाई खरी असती तर पहिला गळा गॅलीत उभ्या असलेल्या आपल्यापैकीच एकीचा गेला असता. तपासणी झाली पाहिजे. जशी प्रवाशांची तशी आपली.
"म्हणजे तू सही करणार नाहीस?"
"नाही."
मेननसाहेब म्हणाले, वसुधा, तुझे केस छान आहेत म्हणून तुला सोपं आहे.
सगळे हसले. मीपण हसले. नंतर टॉयलेटमध्ये जाऊन रडले, टोपाखाली घाम आणि डोळ्यांत काजळ, अवतार नुसता.

नीलानं मात्र सही केली. म्हणाली, रागावू नका अक्का, सगळ्यांनी केली. रागावले नाही. चार महिन्यांच्या नोकरीत मीही केली असती.

२६ जून, मंगळवार
सुट्टी. अम्मांना सगळं सांगितलं, ऑर्डर, ट्रे, रंजना. त्या वांगीभाताचा मसाला भाजत होत्या. भाजणं थांबवलं नाही.
"येवढ्यास कां रडतीस? तिरुपतीस गेल्ते म्हणून सांग. मोट्टै करून घेटलें म्हण. ये ऊरांत कोण विचारतंय?"

खरं आहे, या गावात मोट्टै, म्हणजे मुंडण, कुणाला नवं नाही. माझ्या माहेरी मिरजेत बाई टकली दिसली तर लोक गल्लीच्या टोकापर्यंत वळून बघतील. इथे बसमध्ये, देवळात, बँकेत मोट्टै केलेल्या बायका दिसतात, डोक्याला चंदन लावलेल्या. नवस असेल म्हणतात आणि जागा देतात. कंपनीसुद्धा नवसाला काही म्हणणार नाही. स्कार्फ बांधा म्हणतील.

दुपारभर हलकं वाटलं. एवढा सोपा उपाय दोन वर्षांत सुचला कसा नाही! मग चहा घेताना लक्षात आलं, नवसाचे केस परत येतात. सहा महिन्यांनी सगळे विचारतील. तेव्हा काय, परत तिरुपती?
अम्मांना म्हटलं. त्या म्हणाल्या, "सहा महिने तर सुखांत जातील की." पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा हिशेब. तोही चुकीचा नाही.

२९ जून, शुक्रवार
गेले रंजनाच्या चौकशीला. रघूला न सांगता.

साहेब हिंदी बोलणारे, टेबलावर काचेखाली देवाचे फोटो. मी सांगितलं, अंबाडा उघडू नका असं आम्हीच म्हणायचो. मी स्वतः. रंजनाला अनेकदा. तिनं नियम मोडला असेल, पण आमच्या शब्दाखातर मोडला.
"आप क्यों मना करती थीं?"
म्हटलं, वाजायचा म्हणून, वेळ जायचा म्हणून.
अर्धंच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, आता उघडणार का? म्हटलं, हो. रंजनाच्या नोकरीचा प्रश्न असताना तिथे बसून नाही कसं म्हणणार.

बाहेर आले आणि रोस्टर बघितलं. सोमवारी पोर्ट ब्लेअरची ड्यूटी.

२ जुलै, सोमवार
अम्मांनी आज पिना कमी लावल्या. निघताना कपाळाला विभूती लावली, मी पुसून टाकली, गणवेशावर चालत नाही. मग परत लावून घेतली, कानामागे.

गेटवर नवीन बाई. तमिळ, थोराड, हळू बोलणारी. पडदा ओढला. डिटेक्टर वर आला, वाजला. तिनं ट्रे पुढे केला.
पिना काढल्या. एक खाली पडली, तिनंच उचलून दिली. टोप ट्रेमध्ये ठेवला. घर सोडून कुठेही मी अशी उभी राहिले नव्हते. पंख्याचं वारं डोक्याला लागलं.

ती बघत राहिली. मग अगदी मऊ आवाजात, "तिरुप्पतिया?"

नुसती मान हलवायची होती. तिनं वाक्य तयार करून हातात दिलं होतं. अम्मांचीही आठवण आली.
"इल्लै," मी म्हटलं. नाही.

तिनं ट्रे पडद्याखालून बाहेर सरकवला. डिटेक्टर उघड्या डोक्यावरून फिरवला, कानामागून, मानेवरून, परत एकदा वरून. वाजला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला हुंदका आला आणि तिनं दुसरीकडे बघितलं.

टोप आणायला बाहेर कसं जायचं? तेवढ्यात पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. नीलाचा, तिची अंगठी ओळखली. स्वतःच्या गणवेशाच्या स्कार्फमध्ये गुंडाळून टोप आत दिला. घाईघाईत मी तो उलटा घातला, ती बाहेरून म्हणाली, "अक्का, पुढचं मागे." हसू आलं, त्या बाईलाही आलं.

विमानात मेननसाहेबांनी कॉफी मागितली, थँक यू म्हणाले, नजर खाली. एरवी ते थँक यू म्हणत नाहीत. म्हणजे मशीनच्या बेल्टवर टोप पाहिलाच त्यांनी. उतरताना एका प्रवासी बाईनं, मदुरेच्या त्या आजीएवढ्याच, माझा हात धरून सुखरूप आणलंत म्हणून सांगितलं. तिला काय माहीत.

३ जुलै, मंगळवार
दुपारी बेस मॅनेजरांचा फोन. गुरुवारी भेटायला या. मेडिकलची फाइल घेऊन. आवाजावरून काही कळलं नाही. चांगलं सांगायचं असतं तर फोनवरच सांगितलं असतं, असं रघू म्हणतो. तो आज लवकर आला बँकेतून, कारण सांगितलं नाही.

रंजनाचा निकाल नाही. पार्किंगमध्येच आहे. मी आत बोलले ते तिला कळलंय. मला बघून शिट्टी वाजवली एकदा, मुद्दाम, टॅक्सी नसताना.

नीलाचा फोन. काय बोलावं तिला कळेना, मग म्हणाली, अर्जावरची सही मागे घेता येते का? म्हटलं, विचार त्यांना.

टोप खिडकीत वाळत घातलाय. अम्मांनी धुतला, शिकेकाई लावून, खऱ्या केसांसारखा. आता विचारताहेत, गुरुवारी पिना किती लावू.
सांगते म्हटलं. अजून ठरलं नाही.