पहिल्या दिवशीचा नळ

शीथांग गाव,
बारावा चांद्र महिना, तिथी आठवी

चि. रुओमेईस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. डुकराचं मांस धुरावर टांगलंय, तुला आवडतं तसं चरबीचं वेगळं ठेवलंय. तुझे सासरे खोकतात आणि सिगारेट काही सोडत नाहीत, त्यांचं काय लिहायचं! फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून कागद घेतला.

बोटं आता नीट मिटतात का गं? दाछुआनला विचारलं तर म्हणतो, "तिलाच विचार की." माझ्या लेकाचं बोलणं हे असं.

परवा आरोग्य केंद्रातली बाई चौकात आली होती. म्हणाली, फटाक्यांची माळ मध्येच विझली तर वाकून बघायचं नाही, पुन्हा पेटवायची तर मुळीच नाही. थांबायचं आणि लांबून पाणी ओतायचं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरायचं, वर काही फासायचं नाही. शेजारची थाओबाई मोठ्यानं म्हणाली, "हिच्या सुनेला सांगा, तिला भारी घाई." बायका हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं.

घाई तुला नव्हती. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी दारातली माळ अर्ध्यात थांबली, तेव्हा "वर्ष अर्ध्यात तुटेल, जा, पेटव परत" म्हणून तुला पुढे ढकलणारी मी. तू म्हणालीस, "आई, जरा थांबू या." मी म्हटलं, "शहरातल्या पोरी फटाक्यालासुद्धा भितात." मग तू वाकलीस.

पुढचंही तुला माहीत आहे, पण मी कधी कबूल केलं नाही. तू हात नळाखाली धरलास आणि मी नळ बंद केला. पहिल्या दिवशी घरातलं पाणी बाहेर गेलं तर वर्षभराची बरकत जाते, एवढंच माझ्या डोक्यात. वर सोया सॉस चोळला. त्या दिवशी रडायचं नसतं म्हणून तू ओठ चावत उभी राहिलीस. दवाखानाही मी दुसऱ्या दिवसावर ढकलला.

तिथे नर्स चिडली, "हे काळं कुणी फासलं? जखम दिसत नाहीये." मी पटकन म्हटलं, "तिनंच." दाछुआन सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडला, "एवढी शिकलीस ती कशाला?" तू एकदाच माझ्याकडे बघितलंस, पण माझं नाव काढलं नाहीस. मी माझ्या चपला बघत बसले. वर्ष होत आलं, तो अजून तुलाच बोल लावतो. लाज वाटते गं. तुझा हात भाजला आणि मी माझं तोंड वाचवलं.

माफ कर म्हणत नाही, तेही तुझ्याच गळ्यात घातल्यासारखं होईल. हे सगळं मी दाछुआनला त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहून कालच टाकलंय. तुला हे मिळेल तोवर त्यानं वाचलेलं असेल. तो माझ्याशी बोलेनासा झाला तरी चालेल, तुझ्याशी मात्र त्यानं मान खाली घालून बोलावं.

तुझ्या नावावर खोटं बोललेली,
तुझी सासू
फांग गुईझेन