चिकानं बरं होत नाही, आई

आई, तू चुकली होतीस. चिकानं पोट बरं होत नाही, तुझं पोट ज्यानं दुखत होतं ते तर नाहीच. तू असताना मी हे नुसतं चिडून म्हणत होते. आता सोलापुरातल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं त्याच चिकावर काम करून म्हणते आहे.

वाडीत कुणाची गाय व्याली की वासराचं पिऊन उरलेल्या चिकाचा तांब्या आपल्या घरी यायचा, कारण तुझं पोट दुखतं हे साऱ्या वाडीला माहीत होतं. त्यातल्या निम्म्यात गूळ घालून तू आम्हाला खरवस करायचीस आणि निम्मा तसाच कच्चा, डोळे मिटून, औषधासारखा पिऊन टाकायचीस. मी तेव्हा सोलापुरात बीएस्सी करत होते. सुट्टीला आले की बघते, तू एका हातानं पोट दाबून धरलं आहेस आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटते आहेस. मी म्हणते, "सिव्हिलला चल, दुर्बीण घालून तपासतात." तू उसळतेस. "लई शिकलीस व्हय गं? जलमल्या वासराला पायावर उभं करतंय त्ये, माणसाला करणार न्हाय? तुज्या डाक्टरला म्हणावं ये हितं, वाटीभर त्येला बी देते." सगळे हसतात, तूही हसतेस, आणि माझं बोलणं तिथंच संपतं. त्याच वर्षी तुला रक्ताची उलटी झाली. जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं, पण पोटातला अल्सर फुटला होता. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" तू परत आली नाहीस.

पुढं मी संशोधनाला चीक हा विषय घेतला, तेव्हा लोकांना वाटलं आईची आठवण म्हणून घेतला. मी भांडायला घेतला होता. आणि वासराच्या बाबतीत तू खरी होतीस, तेही सांगून टाकते. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळजवळ काहीच नसतं. चिकातली लढणारी प्रथिनं पहिले काही तास त्याच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जातात. माणसाच्या आतड्यात ती वाट नाही. आपण पितो त्यातलं बरंचसं साध्या दुधासारखं पचून जातं, आणि खरवस वाफवला की उरलंसुरलंही बिघडतं. तरी चिकातले काही घटक आतड्याच्या अस्तराला मदत करत असतील, असं मलाही वाटत होतं. चिकाची पावडर विकणाऱ्या एका कंपनीनं चाचणीचं काम दिलं ते मी म्हणूनच घेतलं. पोटदुखीच्या काही रुग्णांना चिकाची पावडर, काहींना तशाच पुडीत साधी दूध पावडर. कुणाला काय मिळतंय ते त्यांनाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही. शेवटी पुड्यांचं गुपित उघडलं तेव्हा दोन्हीकडचं दुखणं सारखंच होतं. अस्तराची एक तपासणी चिकाच्या बाजूनं किंचित बरी आली होती, तीही मी अहवालात लिहिली. तुझ्यावर राग आहे म्हणून खोटं लिहिणार नव्हते.

कंपनीचा माणूस आला तो नव्या खोक्याचा नमुना घेऊनच. खोक्यावर डोक्यावर पदर घेतलेली, हातात तांब्या धरलेली, हसरी बाई. खाली मोठ्या अक्षरात, 'पोटाच्या सर्व तक्रारींवर आईचा विश्वास, आता विज्ञानाची साथ.' तो गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, निकाल बदला असं आम्ही म्हणतच नाही. फक्त वर्डिंग जरा पॉझिटिव्ह करा आणि खाली सही द्या."

मी विचारलं, "या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या? ही तर मॉडेल आहे मॅडम."

"माझ्या ओळखीची आहे. ती मेली. मी सही करणार नाही."

आमच्या विभागप्रमुखांनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. एका सहीसाठी पुढची सगळी कामं जातील, म्हणाले. गेली. तरी निकाल आला तसाच छापून आणला, आणि तेवढ्यावर न थांबता सांगोल्याजवळ दूध घालणाऱ्या बायकांच्या बैठकीत उभी राहून तोच सांगितला. पुढच्या रांगेतली एक बाई ताडकन उठली. "म्हंजी आमच्या आया येड्या व्हत्या व्हय?"

क्षणभर मला वाटलं तूच उठलीस. मी म्हणाले, "वेड्या नव्हत्या. चीक दारात होता आणि दवाखाना लांब होता. आता दवाखाना लांब नाही. खरवस करा, पोरांना खाऊ घाला, स्वतःही खा. पण पोट महिनोन्महिने दुखत असेल तर तांब्या खाली ठेवा आणि गाडीत बसा."

ती फणकाऱ्यानं बसली. बैठक उठल्यावर मात्र माझ्या गाडीपाशी घुटमळत राहिली, आणि हळूच म्हणाली, "बाय, माजं बी लई दुखतंय की. जेवलं की आग पडतीया. कुणाला सांगू नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सोलापूरला आणलं. सिव्हिलमध्ये दुर्बिणीनं तपासलं. अल्सरच निघाला, पण वेळेत. गोळ्यांनी बरा होईल म्हणाले, आणि होतोही आहे. फोनवर ती अजून माझ्याशी भांडते.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. पाठवता आलं असतं तरी तू ते कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस आणि पहिल्या ओळीलाच भांडायला उठली असतीस. ऊठ खुशाल, मी मागं हटणार नाही. फक्त एवढं सांगते की तिची तपासणी चालू असताना मी बाहेरच्या बाकावर पर्स छातीशी धरून बसले होते, तेव्हा नर्सनं विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई."