व्यासपीठाचा उतार

प्रिय डॉक्टरीणबाई,

समितीला पाठवलेली तुझी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली. पेपर तुझा, पण परिषदेत तो तुझी सहकारीण वाचेल, असं तू कळवलंयस. चिठ्ठी ‘माननीय चिटणीस’ यांना आहे, तेव्हा तिचं उत्तर चिटणीस यथावकाश देतील. हे पत्र बापाचं आहे. तुला लिहितोय हे आईला सांगितलेलं नाही, कारण ‘तिचं तिला ठरवू दे, तू मध्ये नाक खुपसू नकोस’ हे आईचं वाक्य मला आता पाठ झालंय.

आईचा गुडघा कुरकुरतो. डॉक्टरकडे जात नाही. घरात दोन-दोन जनावरांचे डॉक्टर असताना माणसांच्या डॉक्टरची पायरी कशाला चढायची, असं तिचं म्हणणं. बाकी ठीक. माझा सगळा वेळ आपली पशुवैद्यांची परिषद खाते. परिषदेला प्रत्येक सभासदाला येता आलं पाहिजे, ऐकता आलं पाहिजे आणि बोलता आलं पाहिजे, असा ठराव यंदा समितीने एकमताने केला. ठराव करायला कुणाचीच ना नव्हती. खरी गंमत पुढे झाली.

परिषद भरते त्या सभागृहाच्या व्यासपीठाला नुसत्या पायऱ्या आहेत, हे मी तुला सांगायला नको. तिथे उतार बांधायचं ठरलं. कसा हवा, असं सुताराने विचारल्यावर समितीतल्या आपल्या शल्यचिकित्सकाने तिथल्या तिथे फरशीवर खडूने आकृती काढून दिली. सुतार शब्दाचा पक्का. आठवड्याने जाऊन बघतो तर समोर गुरं ट्रकमध्ये चढवायची फळी! तोच चढ, तेच कडेचे कठडे, आणि खूर घसरू नये म्हणून वीतभर अंतराने ठोकलेल्या आडव्या पट्ट्या. आणि लाजेची गोष्ट अशी की समितीतल्या आम्हा सगळ्यांना ती बघताक्षणी पसंत पडली. अध्यक्षांनी तर दोनदा वरखाली करून दाखवलं. उभ्या आयुष्यात आम्ही उतार एवढ्याच कामाला वापरलेला. त्यावरून चाकं जायची आहेत हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

मला उगाच शंका आली म्हणून इस्पितळातून एक व्हीलचेअर मागून आणली आणि स्वतः बसलो. पहिल्याच पट्टीला चाक अडलं. मागून अध्यक्षांनी जोर लावला तसा मी पोत्यासारखा पुढे कलंडलो आणि चष्म्याची काडी मोडली. उतार पुन्हा बांधला. आता तो थेट दारापाशी सुरू होतो आणि इतका सावकाश चढतो की चढतोय हे कळतसुद्धा नाही. शल्यचिकित्सकाच्या मते त्यात काही कौशल्य नाही.

त्या दिवशी पडल्यावर सावरून जरा वेळ मी खुर्चीतच बसून होतो. तेवढ्यात सभागृहाचा व्यवस्थापक आला आणि माझ्या डोक्यावरून अध्यक्षांना विचारू लागला, यांना पाणी हवंय का? गेले दोन महिने हाच माणूस रोज माझ्याशी फोनवर बोलतोय. आधी मला हसू आलं, मग राग आला, आणि मग तुझी आठवण आली. पाणी मात्र मी मागितलं नाही.

नोंदणी करताना यंदा प्रत्येकाला विचारलं की तुम्हाला यायला, बसायला, ऐकायला काय लागेल. आपल्या कोंबडीवाल्या डॉक्टरकाकांचा फोन आला. त्यांना ऐकू येणं कधीचंच कमी झालंय म्हणे. शेजारचा हसला की आपणही हसायचं, अशा कितीतरी परिषदा त्यांनी काढल्या. आता पडद्यावर बोलण्याचा मजकूर दिसणार आहे, आणि माईकशिवाय बोलायला बंदी आहे. गोठ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारून आवाज कमावलेले आपले अध्यक्ष त्यावर फुरंगटून बसलेत. तान्हं मूल घेऊन येणाऱ्या एका मुलीसाठी खोली राखली. गर्दीत डोकं भणभणतं अशा एका माणसाने शांत कोपरा मागितला, तोही दिला. या सगळ्यांना मी वर्षानुवर्षं ओळखतो. विचारलं यंदा.

अपघातानंतरच्या तुझ्या पहिल्या परिषदेत चौघांनी तुला खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर ठेवलं आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. तू अजून तोंडही उघडलं नव्हतंस. नंतर तू गाईंच्या कासदाहावर बोललीस, चांगलं बोललीस, आणि प्रश्न एकही आला नाही. सगळ्यांनी तुझ्या धैर्याचं कौतुक केलं. त्यानंतर तू आली नाहीस, आणि का, हे आपण घरात कधी बोललो नाही.

आता मुद्द्याचं. पेपर निवडताना नावं झाकलेली होती. तुझा पेपर विकृतिशास्त्राच्या त्या खडूस प्राध्यापकाकडे गेला. कुणाचा आहे हे त्याला ठाऊक नाही. परवा भेटला आणि म्हणाला, “नमुने थोडे, निष्कर्ष भलतेच धाडसी. हा जो कोण आहे त्याला मी भर सभेत सोडणार नाही.” समोर कोण आहे हे बघून तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हे, माझ्या निरोपसमारंभातसुद्धा त्याने माझ्या आकडेवारीतल्या चुका काढल्या होत्या. तुझी सहकारीण गुणी आहे, पण ते नमुने गोठ्यागोठ्यांत फिरून तू गोळा केलेस. अपघात झाल्यापासून आपल्या व्यवसायात सगळे तुझ्याशी गोड बोलतात, आणि ते तुला किती खुपतं हे मला दिसतं. हा माणूस तुझ्याशी मनापासून भांडणार आहे. ते भांडण दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, पोरी. ये आणि स्वतः भांड.

तुझाच, आणि परिषद संपेपर्यंत चिटणीसही,
बाबा