गच्चीभर सुटलेला वास

मांडवगण, १३ एप्रिल २००४

सूनबाई, आज तारीख घातलीस ना? काल विसरलीस, आन् माझा अख्खा सोमवार वहीतून गळाला. लिही आता.

नात वैशाली शिरूरच्या कॉलेजात ओरेगॅनोच्या तेलात काय काय असतं ते तपासते. ओव्याच्या वासाची विलायती पानं ती. परसात तिनंच वाढवली, तोडली आन् मला बजावून गेली, "आजी, सावलीतच वाळव." मी मात्र गच्चीवर कुरडयांशेजारी कडक उन्हात पसरली. गच्चीभर वास सुटला. म्हटलं, बेस वाळतंय. वाळल्यावर तिच्या डब्याबरोबर शिरूरला धाडली.

आज फोनवर पोरगी रडवेली. तेल थेंबभर निघालं, त्यात थायमॉल, म्हंजी ओव्याच्या वासाचं ते सत्त्व, नावालाच. सर तिलाच निष्काळजी म्हणाले. "उन्हात तेल उडून जातं, आजी. सावलीतच वाळवलंस ना?"

मी "व्हय" म्हणाले.

म्हंजी गच्चीभर सुटला तो वास नव्हताच, तिची मेहनत उडत होती. आन् मी नाक वर करून खुशाल हुंगत बसले.

डोळे वटारू नको, लिही. हे पान फाडून उद्या एसटीनं जाणाऱ्या तिच्या डब्यात ठेव. भाकरी दोनच दे, शेंगदाण्याची चटणी जास्त घाल. मला तिखट बोलायला तिला जोर पाहिजे.