‘मागू नको नंबर माझा’ हे गाणे यादीत परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
‘करवीरनाद’ नभोवाणी केंद्र,
कोल्हापूर.

अर्जदार : सौ. चंदना भूपाल मगदूम, वय ६२, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक, रा. पेठ वडगाव, ता. हातकणंगले.

विषय : माझ्या सहीने दाखल झालेली तक्रार रद्द करून उपरोक्त गाणे ‘दणदणीत दहा’ या साप्ताहिक यादीत त्याच्या मूळ क्रमांकावर परत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझ्या सहीची तक्रार, दि. ६ जानेवारी. २) आपल्या केंद्रातील सुनावणी, दि. ३ फेब्रुवारी.

महोदय,

१. मी पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर एकोणतीस वर्षे काम केले आहे. अर्ज कसा लिहावा हे मला ठाऊक आहे, आणि आलेला अर्ज कसा बाजूला सारला जातो हेही ठाऊक आहे. सबब हा अर्ज मी टपालाने न पाठवता समक्ष देत असून पोहोच मिळाल्याशिवाय जागची हलणार नाही.

२. सन १९९३ मध्ये मी व माझी मैत्रीण कै. अंबूबाई खाडे अशा दोघींच्या आवाजात ‘नळावर नंबर माझा’ हे गाणे कॅसेटवर निघाले. चैत्र यात्रेच्या कर्तव्यावर माझी नेमणूक जोतिबाच्या डोंगरावर झाली होती, तेथे अंबूबाईंचे गुलाल-खोबऱ्याचे दुकान होते. पाण्याच्या रांगेत आम्ही दोघी एकमेकींशी भांडलो व त्यातूनच मैत्री झाली. गाण्याची सुरुवात अशी :
‘मागनं आली, म्होरं गेली, हंडा कुणाचा ताजा,
सरक बाई, सरक की, नळावर नंबर माझा.’
कॅसेट गावोगाव वाजली. वेष्टनावर मात्र आमची नावे नव्हती. ‘दोन स्त्रियांचा आवाज’ एवढेच छापले होते. कॅसेट कंपनीचे तेव्हाचे मालक विजयसिंह यांना विचारले असता, “नावं कशाला? आवाज वळखत्यात की लोक,” असे उत्तर मिळाले.

३. या गाण्यात तिसऱ्या ओळीनंतर अंबूबाई खळखळून हसतात आणि मी त्यांना “हसू नगो की, अंबू!” असे दटावते. लोकांनी गाणे डोक्यावर घेतले ते या हसण्यामुळे. वस्तुस्थिती अशी आहे की ती चूक होती. पेटीवादक आकाराम यांची टोपी पंख्याच्या वाऱ्याने उडाली व वाजत्या ढोलकीवर जाऊन पडली. अंबूबाईंना हसू आवरेना. फीत संपत आली होती, त्यामुळे आहे तसेच ठेवले.

४. अंबूबाई आठ वर्षांपूर्वी वारल्या. त्यानंतर मी गायले नाही.

५. गेल्या नोव्हेंबरात वडगावच्या आठवडी बाजारात मी कोथिंबीर घेत असता एका टेम्पोवर गाणे सुरू झाले :
‘मागनं आला, म्होरं गेला, गाडीचा गाजावाजा,
सरक भावा, सरक की, मागू नको नंबर माझा.’
चाल आमची होती. दोन मुलींचे भांडण आमचे होते. तिसऱ्या ओळीनंतर एक मुलगी हसली आणि दुसरी म्हणाली, “हसू नगो की, तेजू!” माझ्या हातातली पिशवी खाली पडली. भाजीवाली म्हणाली, “काकू, बरं वाटंना का? बसा हितं.” मला बरे वाटत नव्हते असे नाही. मला राग आला होता. घरी येऊन मोबाईलवर पाहिले, तर गाणे आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर, व खाली शब्द : ‘चाल – पारंपरिक’. ज्याचा धनी उरला नाही ते पारंपरिक, असा माझा समज आहे. मी जिवंत आहे व दर महिन्याला निवृत्तिवेतन घेते.

६. ही तक्रार मी चार ठिकाणी बोलून दाखवली, हा माझा दोष. ती ऐकून कै. विजयसिंह यांचे चिरंजीव श्री. ऋतुराज पेढे घेऊन घरी आले. “काकू, तुमचा जाहीर सत्कार करायचाय, संमती पायजे,” असे म्हणून त्यांनी कागद पुढे केला. एकोणतीस वर्षे दुसऱ्यांचे कागद ओळ न ओळ वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या सत्काराचा कागद न वाचता सही केली. तो कागद म्हणजेच संदर्भ क्र. १. त्यात गाणे बंद करण्याची व सर्व हक्क श्री. ऋतुराज यांच्या कंपनीकडे असल्याचे जाहीर करण्याची मागणी आहे. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. मागणी माझी नाही.

७. सात आठवडे पहिल्या क्रमांकावर असलेले गाणे आपण तडकाफडकी काढले, आणि आपल्या वार्षिक मेळाव्यातून त्या मुलींचे नावही वगळले. चौथ्या दिवशी दोघी बिद्रीहून स्कूटीने माझ्या दारात आल्या. कु. क्रांती ही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करते, कु. तेजस्वी ब्यूटी पार्लर चालवते. क्रांतीने उंबऱ्याबाहेरूनच सुनावले, “काकू, आमचं गाणं बंद पाडलासा. निदान आमची तोंडं तरी बघून घ्या.” मी म्हणाले, “तुमचं गाणं? आत या आणि म्हणून दाखवा, कुणाचं हाय ते बघू.”

८. त्यांनी गाणे सुरू केले. मी टेबलावर बोटांनी ठेका धरला होता. तिसरी ओळ संपली आणि तेजस्वी हसलीच नाही. मी विचारले, “हस की. थांबलीस का?” तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “कसं हसू? चोर पकडल्यागत बघतायसा तुमी.” मी आकारामच्या टोपीची हकीकत सांगितली. दोघी पोट धरून हसल्या. तेजस्वी म्हणाली, “म्हंजी ते हसणं गाण्यातलं न्हवतंच? आमी आठ दिस त्याची प्रॅक्टिस केली, काकू! क्रांती मला रोज म्हणायची, अजून तसं येत न्हाय.”
अंबू गेल्यापासून ही हकीकत ऐकायला मला कोणी उरले नव्हते. आतल्या खोलीतून माझे यजमान श्री. भूपाल यांनी टीव्ही बंद केला व न सांगता चहा टाकला.

९. चौकशीत मला असे आढळले की क्रांतीची आई स्नेहल स्वयंपाक करताना हे गाणे गुणगुणत असे. कॅसेट कधीच तुटली होती. दुसरे कडवे आईला आठवेना, म्हणून मुलींनी स्वतःचे रचले. ते आमच्या कडव्यापेक्षा चांगले आहे, आणि हे लिहिताना मला त्रास होत आहे. कोणाचे गाणे हे आईला ठाऊक नव्हते, म्हणून ‘पारंपरिक’ लिहिले. वेष्टनावर नावेच नव्हती, तर मुलींनी ती कोठून आणावीत? आमच्या चुकीसाठी ज्यांनी आठ दिवस सराव केला त्यांना मी चोर म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला म्हणू देणार नाही.

१०. दि. ३ फेब्रुवारीच्या सुनावणीत आपल्या तज्ज्ञांनी संगणकावरून सांगितले की दोन गाण्यांत अठ्ठ्याहत्तर टक्के साम्य आहे. मी हात वर केला. आपण म्हणालात, “काकू, आम्ही तुमच्याच बाजूनं बोलतोय. शांत बसा.” त्यावर मी म्हणाले, “माझी बाजू कुठली ते मला इचारा की आधी.” हे वाक्य इतिवृत्तात आलेले नाही. ते घेण्यात यावे.

११. मला जे सांगू दिले नाही ते असे. डोंगरावर पाण्याच्या रांगेत आक्का व गंगू नावाच्या दोन दवणा विकणाऱ्या बाया भांडणाची गाणी म्हणत. एक विचारी, दुसरी उलटून बोले. आम्ही आमची सगळी धाटणी त्यांच्याकडून उचलली. त्यांचे गाणे कोणी ध्वनिमुद्रित केले नाही. केले असते आणि आमच्यावर तेव्हा संगणक लावला असता, तर आकडा नव्वदच्या खाली आला नसता. कॅसेट निघाल्यावर अंबू टेपरेकॉर्डर घेऊन आक्काकडे गेली. मी घाबरून दुकानामागे उभी होते. आक्काने पूर्ण गाणे ऐकले व विचारले, “ह्यात गंगी कोन आन् मी कोन?” अंबू म्हणाली, “तुमी म्हंजी चंदनाताई.” आक्का म्हणाली, “मग तिला जरा जोरात भांडाय सांग.” एवढीच काय ती आमची सुनावणी झाली.

१२. सुनावणीनंतरच्या आठवड्यात मी, क्रांती व तेजस्वी अशा तिघींनी वडगावच्या बाजारात धान्याच्या ओट्यावर उभे राहून आधी जुने व मग नवे गाणे म्हटले. आठ वर्षांनी गायले. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला सापडला. बायांनी दोन्ही गाणी तीनतीनदा म्हणायला लावली. श्री. ऋतुराज गर्दीतून पुढे येऊन म्हणाले, “काकू, अशानं आपली केस कमजोर हुतीया.” मी त्यांना म्हणाले, “केस तुझी हाय. गाणं आमचं हाय.” ते निघून गेले. बाजारात ही दोन गाणी वेगळी कोणती व सारखी कोणती, असे कोणीही विचारले नाही.

सबब मागण्या पुढीलप्रमाणे :

(अ) संदर्भ क्र. १ ची तक्रार मी मागे घेत आहे. ती निकाली काढावी.

(आ) गाणे पहिल्या क्रमांकावर परत घ्यावे. दहाव्यापासून चढत येऊ द्या, अशी तडजोड सुचवू नये.

(इ) ‘पारंपरिक’ हा शब्द खोडून पुढीलप्रमाणे वाचावे : ‘धाटणी – आक्का व गंगू, जोतिबा. चाल – अंबूबाई खाडे व चंदना मगदूम. नवे शब्द व आवाज – क्रांती व तेजस्वी, बिद्री.’ निवेदकांना एवढे म्हणण्यास वेळ पुरत नसल्यास जाहिरात एक कमी करावी.

(ई) आपल्या निवेदनात माझा उल्लेख ‘अन्यायग्रस्त ज्येष्ठ कलावंत’ असा झाला आहे, तो वगळावा. अन्याय वेष्टनावर झाला होता, गाण्यावर नव्हे. शाल व श्रीफळ मी स्वीकारणार नाही.

(उ) मेळाव्यात मुलींना त्यांची वेळ परत द्यावी. न दिल्यास आम्ही तिघी त्याच वेळी आपल्या फाटकासमोरच्या फुटपाथवर गाऊ. त्यासाठी लागणाऱ्या परवानगीचा अर्ज मी वेगळा केला असून त्याचा आवक क्रमांक मजकडे आहे.

१३. शेवटी एक पूर्वसूचना देणे माझे कर्तव्य समजते. येत्या महिन्यात आम्ही तिघी आपल्या यादीसाठी नवीन गाणे पाठवत आहोत. त्याचे धृपद माझ्या सासूबाई जात्यावर म्हणत त्या ओवीच्या वळणाचे आहे, मधली लकेर बिद्रीच्या कारखान्याच्या भोंग्यावरून घेतली आहे, आणि शेवट तेजस्वीच्या पार्लरसमोर आंबे विकणाऱ्या बाईच्या हाळीचा आहे. त्या बाईंना विचारले असता त्यांनी हाळी आणखी दोनदा देऊन दाखवली. तरी आपल्या तज्ज्ञांनी संगणक लावण्याची तसदी घेऊ नये. साम्य आहे.

आपली नियमित श्रोती,

चं. भू. मगदूम
(सौ. चंदना भूपाल मगदूम)

पेठ वडगाव
दि. १७ फेब्रुवारी २०२५